निलंग्याच्या बसमध्ये रेक्टरबाई

लातूरच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंइतका घाबरट माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल, आणि आम्ही सगळ्या त्यांच्याच भरवशावर निर्धास्त असायचो. मी भोकरहून तिथं शिकायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, मुलीला खोकला येतो का. वडील नाही म्हणाले, तसा बाईंचा चेहरा आणखीच उतरला. जो अजून आलाच नाही तो कधी येईल याचा काय नेम, असं त्यांचं गणित होतं.

टँकरचं पाणी आलं की आधी स्वतः पेलाभर पिऊन त्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत आणि आपल्याला काही होतंय का ते बघत. तोवर आम्ही तहानलेल्या. एखादी फोनवर हळू बोलली तरी त्यांना धास्ती, मोठ्यानं हसली तरी धास्ती. हळू बोलणारीचं काहीतरी बिनसलंय आणि मोठ्यानं हसणारी ते लपवतेय, असं त्या समजून चालत. दवाखान्यात प्रत्येकीबरोबर जात. पण सुई दिसली की घेरी त्यांनाच येई, आणि तापानं फणफणलेल्या मुलीला उठवून डॉक्टर बाईंना पलंगावर आडवं करत. एसटीचं तर नावच काढायला नको. बसमध्ये पाय ठेवला की पोटात ढवळायचं, म्हणून त्या सख्ख्या भाचीच्या लग्नालासुद्धा उदगीरला गेल्या नव्हत्या.

वैशाली माझ्या खोलीत राहायची. निलंग्याची. फार्मसीच्या पहिल्याच वर्षी तिचे दोन विषय राहिले आणि तिचं बोलणंच बंद झालं. भावकीचा विरोध मोडून वडिलांनी तिला शिकायला धाडलं होतं. ती मेसमध्ये येईना, तेव्हा बाई स्वतःचं ताट घेऊन आमच्या खोलीत येऊ लागल्या. उपदेश नाही, काही नाही. तिच्यासमोर बसायच्या, आपण दोन घास खायच्या आणि तिच्याकडे बघत राहायच्या.

एका दुपारी मी कॉलेजातून आले तर वैशालीची बॅग नव्हती, आणि फोन बंद. मी धावत ऑफिसात जाऊन सांगितलं. एरवी पाल चुकचुकली तरी ओरडणाऱ्या बाई काहीच बोलल्या नाहीत, आणि त्यानंच मी जास्त घाबरले. त्यांच्या मनात काय काय आलं असेल ते त्यांनी उच्चारलं नाही, मीही विचारलं नाही. ऑफिस उघडंच टाकून, घरातल्या चपलांवरच त्या माझ्याबरोबर रिक्षात बसल्या.

स्टँडवर निलंग्याची बस सुटायच्या बेतात होती आणि खिडकीशी वैशाली बसलेली. मला रडूच आलं. बाई दांड्याला धरून वर चढल्या, त्यांच्यामागं मी.

"मॅडम, मला न्हाई जमत शिकायला," वैशाली खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी घरी चालले. तुम्ही जावा."

कंडक्टरनं उतरायचं असेल तर उतरा म्हणून सांगितलं. बाईंनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि तिच्या शेजारी बसल्या.

"मी बी येते. तुझ्या वडलाला मी सांगते. एकटी नको जाऊस, माय."

औसा यायच्या आधीच बाईंचा रंग पिवळा पडला. पुढचं काय सांगावं! वैशालीनं त्यांना खिडकीची जागा दिली, पाठ चोळली, ओढणी ओली करून कपाळावर ठेवली. मागच्या सीटवरच्या एका प्रवासी बाईकडून लिंबू मागून आणलं. ड्रायव्हरला जाऊन बजावलं की खड्डे बघून चालवा. इतक्या दिवसांत मी तिचा असा मोकळा आवाज पहिल्यांदा ऐकत होते. एवढ्यातही बाईंनी डोळे मिटूनच तिचा हात चाचपला आणि विचारलं, "तू सकाळपासून काही खाल्लंस का गं?"

आम्हा तिघींचे अवतार बघून वैशालीच्या वडिलांना वाटलं, कुणीतरी गेलंच. बाई ओसरीवर टेकल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "दादा, हिचे दोन विषय राहिलेत. ते निघतेत पुन्यांदा. पोरगी तुमच्यासमोर हाय, एवढंच बघा."

वडिलांनी एकदा लेकीकडं पाहिलं. मग एवढंच म्हणाले, "मी कुठं काय म्हणलो?" आणि आत वळून भाकरी टाकायला सांगितली. वैशाली रडत रडत जेवली.

वडील म्हणत होते, लेकीला राहू द्या चार दिवस. पण वैशालीनं बाईंकडं पाहिलं. परतीच्या बसच्या नुसत्या विचारानं त्यांना पुन्हा घाम फुटला होता. "मॅडमला धरायला कुणीतरी पाहिजे," असं म्हणून तिनं बॅग उचलली. बाईंनी हे सगळं मुद्दाम केलं, असं पुढं मुली म्हणायच्या. मी शेजारी बसले होते. इतकं पिवळं मुद्दाम कुणाला होता येत नाही. वैशालीचे विषय निघाले, आणि आज तिचं निलंग्यातच औषधाचं दुकान आहे.

बाई निवृत्त होऊन आता नांदेडला भावाकडं राहतात. मीही नांदेडलाच नोकरीला, म्हणून परवा भेटून आले. घर टापटीप, माणसं प्रेमळ, बाईंची तब्येतही सुधारलेली. म्हणाल्या, "झोप बी लागते. कशाची काळजीच न्हाई आता." मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागल्या. मी तर चांगली ठणठणीत.

"हल्ली डोकं लई दुखतंय, मॅडम," मी म्हणाले.

बाईंनी खुर्ची पुढं ओढली.