केळीच्या तराफ्यावर

समोरच्या घरी आज सत्यनारायण आहे. चौरंगाला बांधायचे केळीचे खांब ओट्यावर आडवे टाकलेत, आणि ताज्या कापलेल्या खोडाचा तो गार, तुरट वास जिना चढून थेट माझ्या खोलीत आलाय. जळगावात राहून या वासाचं कसलं कौतुक, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण त्याने मला गेल्या आश्विनातल्या एका दुपारी नेऊन बसवलं, आणि हातातला चहा गार झाला.

आम्ही चौघे मित्र. एक असोद्याचा केळीवाला, एक कापडदुकानाचा शेठ, एक निवृत्त एसटी ड्रायव्हर, आणि कुठलंच काम धड न येणारा मी. ड्रायव्हर मूळचा अमळनेरकडचा. उभी हयात धुळे-जळगाव रस्त्यावर गेली, तरी मनातलं बोलायचं झालं की गडी अहिराणीतच बोलणार. साखरेने त्याचे डोळे पोखरले होते. ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर दिसेलच असं नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्यावर हा म्हणाला, आधी मला एकदा नाल्यातून फिरवून आणा. रस्ते पाहून झाले, पाण्यावरून गाव कसं दिसतं तेवढं राहिलंय.

नाला म्हणजे आमच्या कॉलनीमागचा. उन्हाळ्यात त्यात पोरं क्रिकेट खेळतात. पण खाली बंधारा असल्यामुळे आश्विनात तो असा तुडुंब आणि निवांत पडलेला असतो, की वाहतोय का झोपलाय ते कळू नये. केळीवाल्याने घड उतरवलेली खोडं आणली, शेजारी शेजारी मांडली आणि बांधली कशाने, तर ठिबकच्या जुन्या नळ्यांनी! "घरात ढीग पडेल हाये, सुतळी कशाले इकत आणायची?" आमच्याकडे गोठ्याचं फाटकसुद्धा ठिबकच्या नळीने बांधतात, त्यामुळे कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

बांबू रेटत निघालो. ऊन आता चावत नव्हतं, नुसतं अंगावर हात फिरवत होतं. एका काठाला बोंडं फुटलेली कपाशी, दुसऱ्या काठाला बंगल्यांच्या पाठी, वाळत घातलेल्या साड्या, कुठून तरी येणारा चकलीच्या तळणाचा वास. खंड्या तारेवरून सूर मारायचा आणि पुन्हा तारेवर जाऊन बसायचा. वळणावर बाभळीची फांदी आडवी होती, तिच्याखालून माना वाकवून गेलो. शेठला पोहता येत नव्हतं. तो खोडाला मिठी मारून बसला होता. आम्ही आपले ड्रायव्हरला दाखवतोय, तो बघ खंड्या, ती बघ टेकडी. आणि पाहतो तर काय, हा डोळे गच्च मिटून बसलेला! मला रागच आला. म्हटलं, "अरे, तुला बघायला आणलंय ना?"

"बठ्ठं देखी लिधं भो," सगळं पाहून झालेल्या माणसासारखा तो हळूच म्हणाला. "आते डोया मिटीसन कसं वाटस, ते देखी राहिनू."

मी बांबू रेटायचा थांबलो. बांबूवरून पाणी निथळत होतं तेवढंच. आणि नेमकी तेव्हाच ती नळी सरकली. ओल्या, बुळबुळीत खोडावर प्लास्टिक कुठलं टिकतंय! तराफा चारी दिशांना पसरला आणि आम्ही धपाधप पाण्यात. शेठने तेवढ्यात साऱ्या देवांना हाका मारून घेतल्या. पाणी जेमतेम कमरेपर्यंत होतं, हे नंतर कळलं. ड्रायव्हर मात्र चिखलात शांत उभा राहून ओरडत होता, "ब्रेकडाऊन! बठ्ठा पॅसेंजर उतरा!"

पुढे ऑपरेशन झालं. एक डोळा गेलाच. दुसऱ्याला उजेड-अंधार तेवढा कळतो. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, त्याने घराचा उंबरा ओलांडला नाही. आम्ही दारात जायचो, तर झोपल्याचं सोंग घ्यायचा. चिडलो, समजूत घातली, त्याच्या बायकोकरवी निरोप धाडले. आमचा माणूस हातचा गेला, असंच मी धरून चाललो होतो. आणि परवा त्याचाच फोन. "नालाले पानी उनं का?" नाल्याला पाणी आलं का, एवढंच.

काल चौघेही गेलो. या वेळी बांधायला सुतळी होती. बांबू माझ्या हाती, तो पुढे बसलेला, कान पाण्याला लावून. या वर्षात काठावर काय काय उगवलं आणि काय काय नाहीसं झालं, ते त्याला सांगावं की नाही, या विचारात मी होतो. जे आम्ही रोज थोडं थोडं गमावतो, ते त्याच्याकडे मात्र अजून जसंच्या तसं शाबूत आहे. वळण आलं तसा तो एकदम सावध झाला, स्टिअरिंगवर असल्यासारखा.

"डावीकडे घे भो, बाभूयनी फांदी शे आडवी. मुंडकं सांभाळा रे!"

ती बाभूळ प्लॉटवाल्यांनी उन्हाळ्यातच मुळासकट काढली होती. तिथे आता भिंत आहे, वर मोकळं आभाळ. मी तराफा डावीकडे घेतला. त्याने मान खाली घातली. मागे वळून पाहिलं, तर शेठ आणि केळीवालाही वाकलेले होते. मग मीही वाकलो.