पाखरांचं यंत्र आणि आईचा आवाज

आमच्या मामाचं खरं नाव त्याच्या दुकानाच्या मालकाला आठवत असलं तर असेल. बाकी सगळे त्याला खटकेमामा म्हणतात. हे नाव आईनं ठेवलेलं. लहानपणी खटका दिसला की दाबल्याशिवाय याला राहवत नसे. मग तो दिव्याचा असो, शेजाऱ्यांच्या घंटेचा असो, नाहीतर लिफ्टमधला तो लाल असो. आई त्याची मोठी बहीण. आजी लवकर गेली, तेव्हापासून त्याला जेवायला घालणं आणि त्याच्यावर ओरडणं ही दोन्ही कामं आईकडे आली, आणि दोन्ही तिनं मन लावून केली.

पोटासाठी मामा चष्म्याच्या काचा घासतो. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याचं चाक फिरत असतं आणि संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याच्या मनगटापर्यंत पांढरी पूड असते. लग्न केलं नाही. "बायकोला बटण नसतं ना, म्हणून," असं आई म्हणायची. पगारातून जे उरतं त्यातून तो जगातल्या चमत्कारिक वस्तू विकत घेतो, आणि पहिली चाचणी घ्यायला आमच्याकडे येतो.

काय काय आणलं त्यानं! एक गजराचं घड्याळ आणलं, ते वाजायला लागलं की टेबलावरून उडी मारून चाकांवर पळत सुटायचं. पहिल्याच सकाळी ते कपाटाखाली घुसलं आणि सेल संपेपर्यंत तिथूनच कोकलत राहिलं. वाकायला न लागता मोजे चढवायचं यंत्र आणलं, त्यात बाबांचा पाय अडकला. पाठ खाजवायचा एक लांबलचक हात आणला, त्याच्या टोकाला विजेरी. "पाठीवर अंधार असतो का रे, खटक्या?" आईनं विचारलं. मामा म्हणाला, "ताई, तू नुसती हसतेस. त्या माणसानं किती विचार केला असेल!"

कुणी काही बनवलं की त्या बनवणाऱ्याबद्दल मामाला भलता जिव्हाळा वाटतो. फुकटच्या प्रोग्रॅमबद्दल तर विचारूच नका. फोटो कापायचा, गाणी जोडायची, हरवलेल्या फाइली शोधायच्या, असे ढीगभर प्रोग्रॅम त्याच्या जुन्या कंप्यूटरवर आहेत. लोक 'फुकट ते पौष्टिक' म्हणून उतरवून घेतात आणि विसरतात. मामा प्रत्येकाच्या कर्त्याला मोडक्यातोडक्या भाषेत आभाराचा निरोप पाठवतो.

"तुझ्या आभारांनी त्यांचं पोट भरतं का रे?" आई म्हणायची.

"पोट नाही गं. पण माणसाला कळायला नको, की त्याची वस्तू कुणाच्यातरी कामी आली?"

या सगळ्या पसाऱ्यात दोन वस्तूंची टिंगल आम्ही सर्वांत जास्त केली. एक म्हणजे कुत्र्याची बटणं. रंगीत, गोल, वाटीएवढी सहा बटणं. प्रत्येकात आपण एकेक वाक्य बोलून ठेवायचं, आणि कुत्र्याला शिकवायचं की भूक लागली की हे दाब, बाहेर जायचं असेल तर ते दाब. बाबांनी शांतपणे विचारलं, "कुत्रा कुठाय?" मामा म्हणाला, "कुत्रा काय हो भाऊजी, येईल मागाहून. बटणं या भावात पुन्हा मिळायची नाहीत."

दुसरं पाखरांचं यंत्र. साबणाच्या डबीएवढी डबी, खिडकीबाहेर टांगायची. जवळपास आवाज झाला की ती आपोआप सुरू होते आणि तो आवाज टिपून ठेवते. मामानं ती आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला टांगली, कारण समोर झाड होतं. दोन महिन्यांनी त्यानं आतलं कार्ड काढून ऐकलं आणि तोंड पाडून आला. पाखरू एकही नाही. नुसती भांडी, नळ आणि आई. कार्ड त्यानं स्वतःच्या खोलीवरच्या डब्यात टाकलं, डबी तिथंच लटकत राहिली, आणि आई तिच्यावर हात पुसायचं फडकं वाळत घालू लागली.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायची. तिला दोन आवाज होते. एक नोकरीचा: स्वच्छ, सावकाश, इस्त्री केलेला. त्या आवाजात ती गाडी रद्द झाल्याचं सांगायची तरी लोकांना बरं वाटायचं. दुसरा घरातला. तो वरच्या पट्टीतला, घाईचा, वाक्य अर्ध्यावर सोडून दुसरं सुरू करणारा. दूध उतू चाललं की तो तीन घरं पलीकडे जायचा. दोन्ही आवाज एकाच बाईचे आहेत हे स्थानकावरच्या कुणाला पटलं नसतं.

मग आईचा आवाज बसला आणि उठेचना. औषधं झाली, काढे झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "गाठ स्वरयंत्रातच आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव नक्की वाचवू, आवाज नाही वाचवता येणार."

"जीव वाचतोय ना, मग झालं," आई रिक्षात म्हणाली. "नाहीतरी बोलून बोलून दमलेच होते मी." घरी आल्यावर मात्र ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून कितीतरी वेळ आत बसली. बाबा दाराबाहेर उभे होते. काय बोलावं हे त्यांना सुचत नव्हतं, मलाही नव्हतं.

सुचलं मामाला. दुसऱ्या दिवशी तो कुत्र्याची बटणं आणि एक माइक घेऊन हजर. "ताई, नंतर लागतील ती वाक्यं आत्ता बोलून ठेव. कंप्यूटरवर घेऊ, मग बटणांत भरू." आईनं बटणांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आला बघ तुझा कुत्रा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, आणि हसली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसत होती.

माइक समोर आला आणि आईची पाठ ताठ झाली. पदर सारखा केला, घसा साफ केला, आणि होता नव्हता तो आवाज गोळा करून ती बोलली. मला पाणी हवे आहे. कृपया खिडकी लावा. मला बरे वाटते आहे. मला विश्रांती हवी आहे. एकही शब्द चुकला नाही. आम्ही सगळे डोळे पुसत होतो, त्यामुळे काय चुकतंय ते आम्हाला कळलंच नाही. मामाला कळलं होतं, असं त्यानं नंतर सांगितलं. "पण त्या आवाजात ती घाबरत नव्हती गं. तो कसा मोडायचा?"

ऑपरेशन चांगलं झालं. आई घरी आली, गळ्याला पातळ रुमाल, अंगानं निम्मी. मामानं बटणं तिच्या उशाशी मांडली. तिनं पहिलं दाबलं.

"मला पाणी हवे आहे."

बाबांनी दचकून वर बघितलं, आता फलाट क्रमांक येणार अशा अपेक्षेनं. मला हसू फुटलं. आईनं दुसरं दाबलं. "कृपया खिडकी लावा." 'कृपया' म्हणे! आमच्या घरात हा शब्द कुणी कुणाला कधी म्हटला नव्हता. आता बाबाही हसले आणि मामाही. मग आम्ही आईकडे पाहिलं.

तिनं लिहून पुसायची पाटी ओढून घेतली. तीही मामानंच आणलेली, एक खटका दाबला की कोरी होणारी. तिनं लिहिलं: "ही मी नाही. ही स्टँडवरची बाई आहे."

मग तिनं सहाही बटणं खणात टाकली. मामानं फोनवर एक फुकटचा प्रोग्रॅम घालून दिला होता, आपण लिहू ते तो बोलून दाखवायचा. त्यातली बाई तर बँकेतून बोलत असल्यासारखी. तोही तिनं बंद केला. हळूहळू पाटीवर लिहिणंही कमी झालं. आम्ही जेवायला बसलो की ती खिडकीशी बसायची, म्हणायची, म्हणजे हातानं दाखवायची, की तुम्ही घ्या. गाठ गेली होती, जखम भरत होती, आणि आई मात्र रोज थोडी थोडी आमच्यातून उठून चालली होती. मला त्या दिवसांत फार भीती वाटली.

त्या खिडकीनंच मार्ग दाखवला. एका संध्याकाळी मामा तिच्या शेजारी बसला होता. बाहेर डबी लटकत होती, वर फडकं. मामा एकदम उठला, चपला उलट्यासुलट्या घातल्या आणि निघून गेला. आईनं मला खूण केली: याचं डोकं फिरलं.

रविवारी मी त्याच्या खोलीवर गेले. दार उघडंच होतं. पळतं घड्याळ टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधलेलं, पलंगावर नाना वायरी, आणि मध्ये मामा, कानाला हेडफोन. त्यानं तो माझ्या कानाला लावला.

आधी नळाची धार. मग भांडं आपटल्याचा आवाज. मग आई. बसण्याआधीचा, धडधाकट, घरातला आवाज. "अहो, दूध बघा! सगळं मीच बघायचं का या घरात?"

मी हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

पाखरांच्या यंत्राला आईपेक्षा मोठा आवाज करणारं पाखरू त्या झाडावर मिळालंच नव्हतं. दोन महिने ते तिलाच टिपत होतं. मला उठवताना, बाबांना हाका मारताना, फोनवर मामाला झापताना. एके ठिकाणी ती भांडी घासताना गुणगुणत होती, जरा बेसूरच. आमच्यासमोर ती कधी गुणगुणली नव्हती.

कंप्यूटरवर एक फुकटचा प्रोग्रॅम उघडा होता. त्यात आवाज डोंगरांच्या रांगेसारखा दिसतो. नुसता नळ वाजतोय तेवढा तुकडा निवडून त्याला सांगायचं, हा कचरा, आणि तो सगळीकडून तो कचरा काढतो. मामा दुकानातून आल्यावर रोज हेच करत होता.

"नळ अजून थोडा ऐकू येतोय," मी म्हटलं.

"येऊ दे. काचेवरचा ओरखडा जातो म्हणून घासतच बसलं की नंबर बदलतो. हे बघ." त्यानं आणखी एक खटका दाबला. नळ गेला, पण आई विहिरीतून बोलायला लागली. त्यानं ते घाईनं मागे घेतलं. "ताई नळासकटच बरी."

पुढच्या दिवशी तो घरी आला. खणातली बटणं तो आधीच गुपचूप घेऊन गेला होता. आई खिडकीशी, बाबा पेपरात डोकं घालून. मामानं बटणं तिच्यापुढे ठेवली. तिनं मान फिरवली. मग मामानं स्वतःच लाल बटण दाबलं.

"अहो, दूध बघा! सगळं मीच बघायचं का या घरात?"

बाबांनी पेपर टाकला आणि धावत स्वयंपाकघरात गेले. गॅसवर दूध नव्हतंच. काहीच नव्हतं. ते ओट्यापाशी तसेच उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

आई बटणाकडे बघत राहिली. मग तिनं ते स्वतः दाबलं. पुन्हा दाबलं. हसू तिच्या तोंडातून येईना, पण डोळ्यांतून, खांद्यांतून, सगळीकडून येत होतं. मग तिनं निळं दाबलं: "चप्पल जागेवर काढ, हे काय धर्मशाळा आहे?" मामानं खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं चपला दारात ठेवून आला.

त्या दिवशी ती आमच्याबरोबर जेवायला बसली. जेवण झाल्यावर पाटीवर तिनं लिहिलं, "त्या प्रोग्रॅमवाल्यांना आभार कळवलेस का?" मामानं मान डोलावली. तिनं पुढे लिहिलं, "माझ्याकडूनही कळव. म्हणावं, एका घरात पुन्हा आरडाओरडा सुरू झालाय. तुमच्या कृपेनं."

पण आई ती आईच. तिनं बटणं मोजली. पाच. तिनं पंजा दाखवून मग सहावं बोट वर केलं. मामा म्हणाला, "ते बिघडलं," आणि लगेच निघाला. त्याला खोटं कधी जमलंच नाही.

पुढल्या आठवड्यात आईनं माझ्याबरोबर त्याच्यासाठी डबा पाठवला. मी त्याच्या दारापाशी पोचले आणि आतून आईचा आवाज आला, नळाच्या बारीक धारेसकट.

"खटक्या, जेवलास का रे?"

आणि मग मामाचा, अगदी साधा, "बसतोच आहे गं, ताई."

मला दार वाजववेना. डबा उंबऱ्यावर ठेवून मी परत आले आणि आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ रुमालाशी चाळा करत बसली. मग पाटीवर लिहिलं, "ते बटण घेऊन ये म्हणावं. मुकाट्यानं."

मामा घेऊन आला, चोरी सापडल्यासारखा. आईनं ते स्वतःच्या पलंगाशेजारी, फोनजवळ ठेवून घेतलं. मामाचा चेहरा पडला.

दुसऱ्या संध्याकाळी त्याच्या जेवणाच्या वेळेला आईनं त्याला फोन लावला. पलीकडून "हॅलो" आलं, तसं तिनं बटण फोनच्या तोंडाशी धरून दाबलं. मग मामा म्हणाला, "बसतोच आहे गं."

आता हे रोजचंच आहे. पण आईचा त्याच्या बोलण्यावर विश्वास नाही, कधीच नव्हता. पलीकडून ताट मांडल्याचा आवाज ऐकू आल्याशिवाय ती फोन ठेवत नाही.