शेवटच्या पंगतीचे कॅप्टनसाहेब

कॅप्टनसाहेबांना पहिल्या पंगतीला बसलेलं मी कधी पाहिलं नाही. दुसऱ्याही नाही. लग्न असो, बारसं असो, गणपतीचा भंडारा असो, हा सहा फुटी म्हातारा शर्टाच्या बाह्या दुमडून, वरणाची बादली हातात घेऊन उभा. पंगती बसत, उठत. साहेब वाढत राहत. मंडप रिकामा झाला की दारात जाऊन रस्त्याच्या दोन्ही अंगांना बघायचे आणि हाक मारायचे, "अजून कोण राहिलंय?" कोणी नाही असं कळलं की मग स्वतःचं पान मांडायचे. तोवर बादलीच्या तळाला नुसतं पिवळं पाणी उरलेलं असायचं.

मी चौथी शिकलेला माणूस. कापडाच्या लूमवर जन्म गेला. जसं बोलतो तसं लिहितोय, गोड लागलं नाही तर सोडून द्या. सुरतेतल्या डिंडोलीच्या जुन्या लोकांना साहेब आठवत असतील. बाकीच्यांच्या गल्लीत असा एखादा म्हातारा होऊन गेला असेल, त्याला आठवून वाचा.

साहेबांचं खरं नाव मोठं होतं, पण ते आमच्याकडे कोणी घ्यायचं नाही. एका माणसाने तीन जन्म काढले. आधी वकील. मोठं युद्ध लागलं तसा काळा कोट खुंटीला टांगला आणि फौजेत गेले, ब्रह्मदेशाच्या जंगलात लढले. परत येऊन सुरतेच्या कोर्टात पुन्हा वकिली. पुढे गुजरात आणि महाराष्ट्र वेगळे व्हायच्या आधी, मुंबई राज्य एकच होतं तेव्हा, खानदेशातल्या आपल्या तालुक्यातून आमदार झाले. एकदाच झाले.

पुन्हा का नाही झाले, तर जेवणापायी. दुसऱ्या निवडणुकीआधी त्यांनी तालुक्याच्या गावी मोठं जेवण घातलं. गावोगावचे पाटील, पुढारी फेटे बांधून आले. साहेबांनी पहिल्या पंगतीला बसवले सालदार, हमाल आणि गाडीवान. दुसरीला बाया आणि लेकरं. फेटेवाले उन्हात उभे. त्यांना जाऊन सांगितलं, "आपण पुढारी. आपण शेवटी." पाटील मंडळी शेवटच्या पंगतीला थांबलीच नाहीत. उपाशी गेली आणि जाताना मतं घेऊन गेली.

हे साहेब स्वतः हसत सांगायचे. "भिकनराव, फौजेत ज्याला शिस्त म्हणतात ना, त्याला मतदारसंघात अपमान म्हणतात." भिकनराव म्हणजे मी. जन्मात मला 'राव' लावणारा हा एकच माणूस.

विधानसभेतही तीच तऱ्हा. आधी सगळ्यांना बोलू द्यायचं, मग आपण. साहेब उभे राहिले की वेळ संपल्याची घंटा व्हायची. "माझी चांगली चांगली भाषणं घंटेत बुडाली," म्हणायचे.

आमच्या घरी ते आले कोर्टाच्या कामामुळे. पर्वत पाटिया भागातल्या एका लूमवाल्या शेठने कारागीर पोरं एकदम कामावरून काढली होती. त्यांचं वकीलपत्र साहेबांनी घेतलं. तेव्हा ते पंचाहत्तरीला आलेले. बायको कधीच वारलेली, मुलगी बडोद्याला. घरी एकटेच. पोरांनी विचारलं, साहेब, जेवता कुठे? साहेब म्हणाले, "जेवतो कुठेतरी." पोरं त्यांना ओढून आमच्या खानावळीत घेऊन आली.

खानावळ म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. माझी बायको लीला ती चालवायची. जेवणारी सगळी खानदेशची पोरं, तिला मावशी म्हणायची. कळण्याची भाकरी, उडदाचं वरण, मिरचीचा ठेचा. मीही त्या पोरांबरोबरच बसायचो, कारण पाळीला उशीर झाला तर सुपरवायझर आईबाप काढायचा.

पहिल्या दिवशीच साहेब आणि लीला यांची जुंपली. पोरं जेवून उठली. साहेब दाराला टेकून उभेच.

लीला म्हणाली, "बठा, सायेब. पान मांडलंय."

"तुम्ही जेवलात, बाई?"

"मी? मी शेवटी जेवते. सगळ्यांचं झाल्यावर."

"मग थांबतो मी. शेवटी मी जेवत असतो."

"असं कसं? तुम्ही पाहुणे."

"पाहुणा नाही, गिऱ्हाईक."

"सायेब, बाईमाणूस आधी जेवत नसतं."

"बाई, कॅप्टन आधी जेवत नसतो."

भाकरी निवायला लागली. दोघं समोरासमोर उभे, जसे काय सीमेवर. पोरं हात धुवायची सोडून मजा बघायला लागली. एक म्हणाला, "मावशी, ऐकू नको हा! आमदार असतील त्यांच्या घरी." लीला हटेना, साहेब हटेनात. मला पाळीला जायचं होतं. मी ओरडलो, "अरे, दोघं एकदम बसा आणि सोडा आम्हाला!"

आणि दोघं एकदम बसले. तो रिवाज त्या दिवशी पडला तो पडलाच.

लोक बोलले. परक्या पुरुषासमोर बसून जेवते म्हणाले. माझ्या एका साडूने तर मला बाजूला घेऊन सांगितलं. मी म्हटलं, माणूस बापाच्या वयाचा आहे, आणि ती भाकरी खाते, दुसरं काही खात नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी साहेबांच्या लक्षात आलं की त्यांच्या ताटात तव्यावरची भाकरी येते आणि लीला सकाळचे उरलेले तुकडे मोडून खाते. साहेबांनी आपली भाकरी मधोमध तोडली, अर्धी तिच्या ताटात टाकली आणि त्यातले तुकडे उचलून घेतले. लीला म्हणाली, "सायेब, ते शिळं आहे."

"माझ्या कंपनीत रेशन एकच असायचं, बाई. दोन प्रकारचं नाही."

लीला म्हणजे भांडकुदळ बाई. बाजारात भाजीवाले तिला बघून भाव आधीच उतरवायचे. इथे मात्र तिने हार मानली. दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या पंगतीसाठी वेगळं पीठ मळायला लागली. दोघांसाठी गरम.

असं का करता, हे तिने एकदा विचारलं. मी ओट्यावर विडी ओढत बसलेलो, मला ऐकू आलं. साहेब म्हणाले, फौजेत नियमच आहे, जवान जेवले की अंमलदार जेवतो. मग म्हणाले, "एकदा मोडला मी तो नियम. दोन दिवसांची उपासमार होती. रेशन आलं तेव्हा माझी पोरं पुढच्या टेकडीवर होती, येतीलच म्हणून मी खाऊन घेतलं. त्यांचा वाटा झाकून ठेवला." लीलाने विचारलं, "मंग?" साहेब म्हणाले, "मग काय. वाटा तसाच राहिला." लीलाने त्यांना वरण वाढलं, एवढं मला वाटीच्या आवाजावरून कळलं.

प्लेगच्या वर्षी सुरत रिकामी झाली ते सगळ्यांना माहीत आहे. तोंडाला रुमाल बांधून माणसं उधना स्टेशनवर गाडीच्या टपावर चढत होती. आमची पोरं दोन दिवसांत गावी पळाली, आमच्या मुलालाही त्यांच्याबरोबर पाठवलं. औषधाच्या दुकानाचा मालक शटर ओढताना साहेबांना म्हणाला, "साहेब, तमे पण निकळी जाव." साहेब म्हणाले, "निघतो की. सगळे गेले की निघतो." त्यांनी स्टेशनवर उभं राहून बाया, लेकरं, म्हातारी माणसं डब्यात चढवली. बडोद्याहून मुलीचा शेजारच्या फोनवर निरोप आला, बाबांना ताबडतोब पाठवा. साहेब लीलाला म्हणाले, "बाई, तुम्ही आणि भिकनराव आजच्या गाडीने निघा. मी शेवटी येतो."

लीला म्हणाली, "तुम्ही निघा. खानावळीला कुलूप मी शेवटी लावीन."

पुन्हा तेच. आणि हे काही भाकरीचं भांडण नव्हतं, जिवाचं होतं. मी दोघांना शिव्या घातल्या. काही उपयोग नाही. शेवटी आम्ही तिघंही राहिलो. ओस गल्लीत मागे राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना लीला रांधून घालायची, साहेब डबे पोचवायचे आणि मी पाणी उकळायचो. जगलो. नशीब म्हणा.

प्लेगातून वाचली ती बाई त्यानंतर तीन वर्षांनी पोटातल्या गाठीने गेली.

सरकारी दवाखान्यात ती महिनाभर होती. अन्न जाईना. साहेब रोज काठी टेकत यायचे, वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसायचे आणि मला विचारायचे, "बाई जेवल्या?" मी आत गेलो की ती विचारायची, "सायेब जेवले?" त्यांच्यासाठी आमच्या सूनबाईने दिलेला डबा त्यांच्या मांडीवर तसाच. इकडे हिची खिचडी तशीच. मी आपला आत-बाहेर करायचो येड्यासारखा. डॉक्टर म्हणाला होता, पोटात काही गेलं नाही तर औषध देता येणार नाही. हिने तोंड उघडायलाच हवं होतं. एक दिवस माझं डोकं फिरलं. बाहेर येऊन म्हटलं, "साहेब, ती हट्टी आहे, मरेल पण आधी जेवणार नाही. तुम्ही तरी शहाणे आहात ना?"

साहेब काठी टेकून उठले. आत आले. तिच्या खाटेजवळचं स्टूल ओढलं, डबा उघडला आणि तिच्यासमोर घास घेतला. आधी. एकट्याने. तो माणूस भाकरी चावत होता की खडे, मला सांगता येणार नाही. लीला बघत राहिली. म्हणाली, "सायेब, नियम मोडला तुम्ही."

"मोडला. आता तुम्ही जेवा."

"आते जेवसू," ती म्हणाली. एवढी वर्षं त्यांच्याशी शुद्ध बोलायचा खटाटोप करायची, त्या दिवशी घरची भाषा तोंडात आली. चार चमचे खिचडी खाल्ली. मला वाटलं, जिंकलो.

त्याच आठवड्यात ती गेली.

स्मशानातून आल्यावर साहेब आमच्या ओट्यावर बसले. घरात जायला तयार होईनात. म्हणाले, "भिकनराव, मी आधी जेवलो."

मी म्हटलं, "साहेब, खुळ्यासारखं बोलू नका. गाठ होती तिला. तुम्ही जेवलात म्हणून ती चार घास खाऊन गेली, नाहीतर उपाशी गेली असती."

कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस. माझ्या बोलण्यावर त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. मला कळत होतं. मला तरी कुठे पटवून देता येत होतं? माझीच बायको गेली होती आणि मी दुसऱ्याची समजूत घालत होतो.

तेराव्याला पंगती उठल्या. साहेबांनी बादली धरली होती. शेवटी दारात गेले. मला वाटलं, आता हाक मारतील. मारली नाही. नुसतेच उभे राहिले. मग मी दोन पानं समोरासमोर मांडली आणि म्हटलं, "या साहेब. मी राहिलोय." आम्ही दोघं एकदम बसलो. तिच्या जागेवर बसताना मला समजलं की तिथून थेट चूल दिसते. म्हणजे ती बसायची तेव्हा तवा तापलेला ठेवून बसायची.

महिनाभराने मुलगी त्यांना बडोद्याला न्यायला आली. त्यांना आता नीट दिसेना, पाय चालेनात. साहेब आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या आधी निघाले. गाडीत बसल्यावर माझा हात धरून म्हणाले, "भिकनराव, हे बरोबर नाही. तुम्ही मागे राहताय." मी म्हटलं, "कोणीतरी राहावंच लागतं, साहेब." चांगलं काहीतरी बोलायला हवं होतं, ते अजून शोधतोय.

वर्षभरात ते गेल्याचा फोन आला. मुलगी सांगत होती, शेवटी शेवटी ताट पुढे आलं की विचारायचे, अजून कोण राहिलंय? ती म्हणायची, कोणी नाही बाबा, जेवा. तर ताट सरकवायचे. मग ती म्हणायला लागली, मी राहिलेय. तेव्हा हाताने चाचपून शेजारची जागा दाखवायचे.

आता खानावळ नाही. मुलगा एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर जातो, नातू शाळेत. दुपारी घरात मी आणि सूनबाई. ती माझं ताट वाढून उभी राहते. पहिल्यांदा मी म्हटलं, "तू बस आधी," तेव्हा तिला वाटलं म्हातारा रुसलाय.

"काय झालं बाबा? भाजीत मीठ कमी पडलं?"

"मीठ बरोबर आहे. बस."

"तुमच्या आधी मी कशी बसू?"

"मग एकदम बसू."

आता ती बसते. तव्यावरची भाकरी फुंकर मारत तोडते, बोटं भाजतात म्हणून हात झटकते आणि हसते. मी बघत राहतो. लीला माझ्या घरात चाळीस वर्षं होती. ती गरम भाकरी खाताना कशी दिसायची, ते फक्त साहेबांना माहीत होतं.