सतरा नंबरचा लाल टॅग

दशरथ घाडींनी चोवीस वर्षं ट्रॅक्टर पास केले, पण शेतात ट्रॅक्टर एकदाही चालवला नाही. मालवणजवळच्या गावात त्यांचा जमिनीचा तुकडा एवढा लहान, की आत ट्रॅक्टर घातला असता तर वळवायला शेजाऱ्याची परवानगी लागली असती. ब्रॅम्बल या इंग्लिश कंपनीच्या मुलुंडच्या ट्रॅक्टर कारखान्यात ते फायनल इन्स्पेक्शनला होते. ट्रॅक्टर तयार झाला की ते कान, नाक आणि माप तपासायचं गेज घेऊन त्याच्याभोवती फिरत. सगळं ठीक असलं तर गिअरबॉक्सच्या बिडाच्या अंगावर हातोडीने आपल्या नंबराचा पंच ठोकत: १७. नसलं तर स्टिअरिंगला लाल टॅग बांधून त्यावर दोष लिहीत. कारखान्याचा नियम असा, की टॅग ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. मॅनेजरनेसुद्धा हात लावायचा नाही.

कारखान्याला टाळं लागून वीस वर्षं झाली, तरी घाडींचं इन्स्पेक्शन चालूच होतं. कुकरची शिटी, सोसायटीची लिफ्ट, मुलीला, दीप्तीला, सांगून आलेली तीन स्थळं, कोणी सुटलं नाही. तिसऱ्या मुलाबद्दल ‘आवाज नॉर्मल नाही’ असा शेरा त्यांनी मुलाच्या मामासमोरच दिला होता.

“आता चपातीक पण गेज लावशात काय?” असं त्यांची बायको मालन विचारायची. उत्तर द्यायच्या आधी ते चपाती उजेडात धरून बघत.

या दीप्तीलाच बिल्डरच्या ऑफिसात नोकरी लागली ती नेमकी जुन्या कारखान्याच्या जागेवर. तिथे आता चाळीस मजले चढत होते. नाव ‘द बार्नयार्ड’. बार्नयार्ड म्हणजे काय, असं मालनने विचारलं तेव्हा दीप्ती म्हणाली, “शेतकऱ्याचं आवार गं. गोठा, खळं, कोंबड्या, तसलं.”

“आनी लोक थंय करोड रुपये देवन रवतले?”

“वेटिंग लिस्ट आहे आई.”

एक दिवस दीप्तीने वडिलांना बोलावून नेलं. बिल्डरने लॉबीत ठेवायला एक जुना ट्रॅक्टर आणला होता आणि त्याची जाण असलेलं कोणी मिळत नव्हतं. मार्केटिंगचा प्रमुख देवेश, तिशीचा, पायात मोजे नसलेला, त्याने घाडींना हात जोडले. “काका, एकदम झकास पीस आहे. इंग्लंड, एकोणीसशे एकसष्ट!”

घाडींनी चष्मा पुसला आणि ट्रॅक्टरला एक फेरी मारली. मग ते वाकले, गिअरबॉक्सवरची माती अंगठ्याने खरवडली आणि तसेच वाकून राहिले.

“बाबा, कंबर धरली का?”

“सतरा,” घाडी म्हणाले. “हा माझा आहे. चौऱ्याऐंशीचा. इथलाच.”

देवेश हसला. मॉडेल तर तेच आहे ना, ब्रॅम्बल पस्तीस? यावर घाडींनी त्याला जे ऐकवलं त्याला पाऊण तास लागला. मॉडेल एक, पण भावंडं तीन. इंग्लंडच्या ट्रॅक्टरवर एकटा माणूस बसतो, म्हणून त्याचे मडगार्ड अरुंद, पातळ पत्र्याचे. त्याला हॉर्न नाही, कारण समोर कोणी येतच नाही. आपला उत्तरेचा, म्हणजे हाच, ही घरची गाडी. मडगार्ड रुंद आणि सपाट, खाली जाड पट्टी, वर धरायला पाइपाचे हँडल, कारण दोन्ही बाजूंना पाव्हणे बसतात. पंखा मोठा, कारण ऊन. मागे हुक दणकट, कारण ट्रॉलीत किती उसाच्या मोळ्या घालाव्यात हे कोणी कोणाला विचारत नाही. तिसरा दक्षिणेचा, भातखाचरातला. त्याचे ब्रेक चिखल जाऊ नये म्हणून सीलबंद. तिघांना शेजारी उभं करा, परका माणूससुद्धा चुकायचा नाही.

“आणि हे बघा,” त्यांनी इंजिनावरचा एक पितळी बोल्ट दाखवला. “तिकडे थंडीत इंजिन सुरू व्हावं म्हणून इथे हीटर असतो. आपल्याला हीटर कशाला? पण तिकडून आलेल्या ड्रॉइंगमध्ये भोक होतं, म्हणून आपणही भोक पाडलं. मग ते बुजवायला हा बोल्ट बनवला. बोल्टसाठी वेगळा विभाग होता. तिथे सहा माणसं.”

देवेशने सगळं मन लावून फोनमध्ये टिपून घेतलं. घाडींना वाटलं, पोराला विषयात गोडी आहे. टिपून झाल्यावर देवेश म्हणाला, “म्हणजे हे हँडल, हॉर्न, मडगार्ड, हुक काढले, हीटर लावला, की झाला इंग्लिश. बरोबर? काका, तुम्हीच करा ना यार.”

ट्रॅक्टरच्या अंगावर एक पितळी पट्टी होती: ‘ब्रॅम्बल इंडिया, मुलुंड, बॉम्बे ८०’. देवेशने ती काढून टाकायला सांगितली. “मुलुंड इथून गेटबाहेर दिसतंच आहे, काका. लॉबीत कशाला?”

घाडी ताडकन नाही म्हणाले आणि घरी आले. चोवीस वर्षांत आपल्या हातून हजारोंनी ट्रॅक्टर गेले, त्यातला एक परत आला, तर त्याच्या अंगावर मुलुंडचं नाव राहिलंच पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं. पण दीप्ती म्हणाली, “बाबा, तुम्ही नाही केलंत तर कुर्ल्याचा पेंटर येणार आहे. तो ग्राइंडर मारून पंचसुद्धा घासून टाकेल.”

ग्राइंडर म्हटल्यावर घाडी दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाले.

काम तीन आठवडे चाललं. उतरवलेला प्रत्येक भाग त्यांनी कागदात गुंडाळून, वर नाव लिहून घरी आणला. पितळी पट्टी मालनने देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली. पलंगाखाली दोन मडगार्ड गेले, तेव्हा मात्र ती म्हणाली, “आता उरलेलो ट्रॅक्टर पन हाडा. मी जातंय माहेराक.”

घाडींना काम वाईट करता येत नव्हतं, हीच अडचण. इंग्लिश मडगार्ड त्यांनी आठवणीतल्या मापाने बनवून घेतले. भोकं एका मिलिमीटरने चुकली म्हणून एक जोडी परतही पाठवली. काम खोटं होतं, फिटिंग तरी खरं हवं. शेवटी देवेशने एक छापील सर्टिफिकेट पुढे केलं: मूळ इंग्लिश, एकसष्ट सालचा. खाली तज्ज्ञाच्या सहीला जागा.

“हा मी पास केलेला नाही,” घाडी म्हणाले. त्यांनी खिशातून एक लाल टॅग काढला, त्यावर चार शब्द लिहिले आणि सुतळीने स्टिअरिंगला बांधला. देवेशने तो न वाचताच फोटो काढला. “वा! व्हिंटेज टच. राहू दे.”

उद्घाटनाच्या दिवशी लॉबीत गवताच्या पेंढ्या ठेवल्या होत्या, प्लॅस्टिकच्या. वेटर धोतर नेसून पास्ता फिरवत होते. घाटकोपरचे चंद्रप्रकाशशेठ अडतिसाव्या मजल्यावरचे दोन फ्लॅट बघायला कुटुंबासह आले होते. त्यांनी ट्रॅक्टर बघितला आणि कोणीही भारतीय माणूस करील तेच केलं. स्वतः सीटवर बसले, पत्नीला डाव्या मडगार्डवर बसवलं, दोन्ही सुनांना उजव्या.

“हँडल कुठंय?” शेठाणींनी विचारलं.

इंग्लंडात हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. इथे मडगार्डने उत्तर दिलं. आधी डावा पत्रा हळूच कलला, शेठाणी हातातल्या पास्त्याच्या प्लेटसकट पेंढ्यांवर उतरल्या, आणि पाठोपाठ उजवीकडून दोन्ही सुना. लागलं कोणालाच नाही. शेठ मात्र सीटवरून हॉर्न शोधत होते.

धावत आलेल्या देवेशने आधारासाठी स्टिअरिंग पकडलं, आणि टॅग त्याच्या हाताखाली आला. त्याने तो पहिल्यांदा वाचला: ‘मडगार्ड माणसं पेलणार नाही. इन्स्पेक्टर १७.’

संध्याकाळी दीप्तीच्या फोनवर देवेश होता. “काका, वाट लागली. शेठ म्हणतात, फॅमिली बसत नाही तो ट्रॅक्टर कसला? आणि तो टॅग सुटत नाहीये. कसली गाठ मारलीय?”

“कापू नका. ज्याने बांधला तोच सोडतो. आधी दोष काढायचा.”

“मग दीप्ती म्हणते ते पलंगाखालचं सगळं आणा ना.”

“आणतो. पट्टीसकट.”

“बरं. पट्टीसकट,” देवेश म्हणाला.

चार दिवसांत ट्रॅक्टर पुन्हा रुंद झाला, हँडल आले, हॉर्न लॉबीभर वाजला. पट्टीचा शेवटचा स्क्रू घट्ट करून घाडींनी टॅग सोडला. देवेशने ती पट्टी दोनदा वाचली, मग पायाखालच्या इटालियन फरशीकडे बघितलं. त्याच्या डोक्यात काहीतरी पेटल्याचं दीप्तीच्या लक्षात आलं. पुढच्या आठवड्यात नवा ब्रोशर निघाला: ‘याच मातीत जन्मलेला ट्रॅक्टर. याच मातीत तुमचं घर.’ भाव चढला. चंद्रप्रकाशशेठांनी दोन्ही फ्लॅट घेतले.

घाडी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ऑइल बघायला जातात. गेटवरचा वॉचमन विशाल अजून त्यांना ओळखत नाही. रजिस्टर पुढे सरकवतो. “कोणाकडे जायचंय?”

“ट्रॅक्टरकडे.”

“फ्लॅट नंबर सांगा, काका.”

घाडी त्या रकान्यात सतरा लिहितात आणि आत जातात.