नोटिशीआधी आप्पा जायचे

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नव्या कामगार कायद्यांवरचं परिपत्रक वाचत होते. फोन त्यांच्या सुनेचा, दौंडहून. पहाटे छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मी ‘बरं’ म्हणाले, फोन ठेवला आणि अर्धं राहिलेलं पान पुरं वाचलं. असं का केलं, सांगता येणार नाही... पान संपल्यावर मात्र लख्ख कळलं, की यातलं काही अडलं तर विचारायला आता कुणी नाही. मग रडू आलं.

कारेगावजवळच्या आमच्या कारखान्यात आप्पा कार्मिक विभागाचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली. एचआर म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. ते स्वतःला टाइम ऑफिसवाला म्हणवून घ्यायचे. रजा, गैरहजेरी, चौकश्या हे आमचं काम. कायदा बदलला की आप्पा आधी स्वतः वाचत, मग मला वाचायला लावत आणि पाळी बदलताना गेटजवळ उभं राहून कामगारांना आपल्या भाषेत सांगत. आता प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र मिळायलाच हवं, न्हाई मिळालं तर माझ्याकडं या, असं त्यांनी परवापरवाच सांगितलं होतं. कारखान्याच्या मोठ्या साहेबांना ते ‘माझ्याकडं या’ फारसं रुचलं नव्हतं. माणूस हट्टीच. एकदा बोलायला लागले की दुसऱ्याला तोंड उघडू द्यायचे नाहीत. मला कैकदा त्यांचा राग यायचा.

कुणी न कळवता गैरहजर राहिला, तर नोटीस जायच्या आधी आप्पा त्याच्या घरी जायचे. पुढं चेहरा ओळखणारं हजेरीयंत्र आलं, नोटीस आपोआप तयार होऊ लागली, तरी हे आपले गाडीला किक मारून निघायचे. उंटावरनं शेळ्या हाकणं आपल्याला जमायचं नाही, म्हणायचे.

खुटबावचा नामदेव आमच्याकडे पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होता. बरेच दिवस आला नाही, फोनही बंद. मोठ्या साहेबांनी ठरवूनच टाकलं, नाव कमी करा. ऐकून घेतल्याशिवाय काढता येत नाही, जुन्या कायद्यात येत नव्हतं आणि नव्यातही येत नाही, असं आप्पांनी त्यांना सुनावलं. मग चार दिवसांत काय ते ऐका, असं फर्मान निघालं. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं खुटबावला.

नामदेवची बायको, सुमन, वावरात कांदे काढत होती. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेली दोन माणसं बांधावरून येताना दिसली आणि तिनं हंबरडाच फोडला. नवरा मशीनमध्ये सापडला, असंच तिला वाटलं. शेजारचे धावले. आप्पा हात जोडून सांगतायत, अहो बाई, त्याला काही झालेलं नाही, तो तर कामावरच येत नाही... आणि बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. कारण नामदेव रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघत होता. तिचं रडं थांबलं. मग रोज जातंय कुठं, एवढंच तिनं विचारलं. एकाची नोकरी वाचवायला गेलो आणि त्याचा संसार मोडायला निघालो, अशी गत झाली.

तो रोज दौंडची गाडी धरतो, एवढं शेजाऱ्याकडून कळलं. दौंड म्हणजे आप्पांचं घरच. नामदेव सापडला स्टेशनात, फलाटाच्या टोकाच्या बाकावर, डबा मांडीवर घेऊन. आप्पा त्याच्या शेजारी बसले आणि जन्मात पहिल्यांदा गप्प राहिले. शेवटी नामदेवच बोलला. प्रेस खाली येताना त्याचा हात जेमतेम सुटला होता. बोटं वाचली, पण तेव्हापासून मशीनसमोर उभं राहिलं की पाचावर धारण बसायची. बाप्या माणसानं भ्यालो म्हणून सांगायचं तरी कुणाला? चार लोक हसतील. आजारी असतो तर रजा तरी मागता आली असती, म्हणाला.

“भ्या वाटतंय, हे बी कारणच हाय,” आप्पा म्हणाले. “तसंच लिव.”

त्यानं तसंच लिहिलं. साहेब हसले. आप्पा हसले नाहीत. आज याचं भय कागदावर आलंय, उद्या त्याच मशीनवर कुणाचं बोट गेलं तर हा कागद तुम्हाला जाब विचारील, म्हणाले. नामदेवची बदली स्टोअरला झाली आणि त्या प्रेसची संरक्षक जाळी बदलली गेली. सुमन मात्र पुष्कळ दिवस नवऱ्याशी धड बोलत नव्हती म्हणे.

आप्पांच्या अंत्यविधीला जायचं म्हणून सगळ्यात आधी माझ्या टेबलापाशी आला तो नामदेव. रजेचा अर्ज आता कॉम्प्युटरवर असतो. निकटच्या नातेवाइकाचा मृत्यू म्हटलं, की नातं भरल्याशिवाय पुढं सरकत नाही. आई, वडील, बायको, मुलं... मी सवयीनं विचारलं, नातं काय लिहू?

“नातं न्हाई, मॅडम,” म्हणाला. “ते आमच्या घरी आले व्हते.”

मी ‘इतर’ निवडलं आणि पुढच्या चौकटीत ते वाक्य जसंच्या तसं भरलं. नातं स्पष्ट करा म्हणून मुख्य कार्यालयातून अर्ज परत येतो. मी तेच वाक्य भरून पुन्हा पाठवते.