सूट न देणारा माणूस

गांधीबागेत माझं कापडाचं दुकान आहे. भावात मी भल्याभल्यांना रडवलंय. पण आमचं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून देणाऱ्या माणसाने मला आजवर एका रुपयाची जास्तीची सूट मिळू दिली नाही, हा राग मी जपून ठेवलाय. मी तोंड उघडायच्या आधीच त्याची मान नकारार्थी हलू लागते.

यंदा मुलगी नोकरी सोडून जर्मनीत शिकायला गेली. तिचं इथलं रिटर्न भरायचं होतं.

"तिचं तिकडचं खोलीभाडं वजा करा," मी म्हटलं.

"होत नाही."

"अर्धं तरी?"

"भाऊ, सरकारसंगं काहून भाव करून राहिले?"

मी भडकणार, तेवढ्यात त्याने तिला स्पीकरवर फोन लावला. "बेटा, तिकडे काही कमाई होते का? लिहावी लागते."

"काका, बाबा जवळ नाहीत ना? ओरडतील."

त्याने माझ्यावर डोळे वटारले, ओठांवर बोट ठेवलं आणि बेधडक म्हणाला, "नाहीत वं, बोल."

"शनिवारी हॉटेलात भांडी धुते. मालक कमी देत होता, मी भांडून वाढवून घेतले."

'शाबास' अगदी जिभेवर आलं होतं. पण मी तिथे नव्हतो ना!