निळ्या न झालेल्या चार पेशी

कल्पना करा, समोर काचेची पट्टी आहे. तिच्यावर पाण्याचा थेंब, थेंबात चिमटीभरही नाही इतका यीस्टचा चुरा आणि वर निळ्या रंगाचा ठिपका. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तुम्हाला शंभर पेशी मोजायच्या आहेत. निळी झालेली पेशी मेलेली. निळी न झालेली जिवंत.

ओशिल्डने सावकाश मोजल्या. बत्तीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिने लोकांच्या रक्तपेशी मोजल्या होत्या. निवृत्त होताना तिथला टाकाऊ सूक्ष्मदर्शक तिने मागून घेतला, आणि तो आता स्वयंपाकघराच्या खिडकीत असायचा.

शहाण्णव निळ्या निघाल्या.

हा पराक्रम तिच्या धाकट्या भावाचा, हाल्वोरचा. नॉर्वेतल्या वॉसच्या या डोंगरात प्रत्येक घराची बिअर वेगळी, कारण प्रत्येक घराचं यीस्ट वेगळं. त्यांच्या घरचं यीस्ट आजोबांच्या वेळेपासून लाकडी कड्यांच्या माळेवर वाळवून ठेवलेलं. बिअर करायची वेळ आली की माळ माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, रसात सोडायची, तीही रस चांगला गरम असताना. दुसरी यीस्टं तेवढ्या उष्णतेत रुसतात, हे मात्र खुशीत फसफसतं. त्यावरून हाल्वोरने ठरवलं की आपल्या यीस्टला उष्णता मानवते, आणि बिअरच्या फेसात बुडवलेली ओली माळ लवकर वाळावी म्हणून नव्या शेगडीवर टांगली. दोन आठवडे ती तिथेच होती.

नऊ दिवसांवर त्याच्या मुलीचं, मारितचं लग्न. शेजाऱ्यांनी आपलं यीस्ट देऊ केलं होतं, पण मग लग्नात बिअर शेजाऱ्यांच्या घरची झाली असती, आणि आजोबांची माळ नुसतं लाकूड उरली असती.

"ताई, जन्मभर रक्त तपासलंस," हाल्वोर म्हणाला, "आता माझ्या बिअरचा पंचनामा?"

"पंचनामा मेल्यावर करतात. शंभरात चार जिवंत आहेत."

"चार जणांत लग्न लावू?"

तिने त्याला खुर्चीवर बसवून सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. पेशी म्हणजे पटलाची पिशवी, ती सांगू लागली, पण पटल कसं, तर राखणदारासारखं. साखर आत घेतं, नको ते बाहेर ठेवतं. जिवंत पेशीत निळा रंग सहसा शिरत नाही, आणि शिरलाच तर आतली यंत्रणा त्याला बेरंग करून टाकते. या सगळ्याला ताकद लागते. ती साखर फोडून मिळते, आणि फोडताना मागे उरतं ते मद्य आणि बुडबुडे. मेलेल्या पेशीचा राखणदार गेलेला, म्हणून जो येईल तो आत.

"म्हणजे आपण पितो ते त्यांचं खरकटं?" हाल्वोरने विचारलं.

"इतकी वर्षं आवडीने पितोयस."

तिने वाटीभर माल्टचा रस उकळला, कोमट केला, त्यात माळेचा चुरा टाकला आणि शेगडीपासून लांब ठेवला. हाल्वोरला त्या कोपऱ्यात जायची बंदी केली. पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी तिने थेंब काढून पाहिला, तर एका बिनरंगी पेशीच्या कडेला बारीक कळी फुगली होती. पेशी आपल्या सगळ्या सूचनांची एक प्रत त्या कळीत सरकवते, मग कळी सुटते आणि स्वतःची कळी काढते. एकाचे दोन, दोनाचे चार. तिने रस वाढवत नेला. वाटीचं पातेलं झालं, पातेल्याची बादली, आणि पाचव्या दिवशी शंभरातल्या सत्त्याण्णव पेशी रंगाला दाद देईनात.

यीस्ट ओतताना ओरडायची तिकडे रीत आहे, ते झोपलं असेल तर जागं व्हावं म्हणून. लाजून ओरडलं तर बिअर मिळमिळीत होते म्हणतात. एरवी हे काम हाल्वोरचं. या खेपेला त्याने बादली बहिणीच्या हातात दिली. सदतीस अंश गरम रसाच्या पिंपात बादली रिकामी करताना ओशिल्ड अशी ओरडली की पलीकडच्या कुरणातली मेंढरं पांगली. संध्याकाळपर्यंत फेस पिंपाच्या काठावरून ओघळत होता. लग्नात पहिला घोट घेऊन एक म्हातारा म्हणाला, "ही तुमच्याच घरची." हाल्वोर रडला आणि त्याने चुलीच्या धुराला दोष दिला.

नव्या फेसात बुडवलेली माळ आता थंड खोलीत टांगलेली आहे. जुन्या चुऱ्याची काचपट्टी ओशिल्डने जपून ठेवली आहे आणि अधूनमधून ती खिडकीत उजेडाला धरते. सगळ्या पेशी एकाच फेसातल्या, एकाच शेगडीवर भाजलेल्या. मग त्या चौघींनीच दार लावून घेतलं, ते कशाच्या जोरावर?